कंदिलाची काच आणि लॅपटॉपची स्क्रीन

जानेफळ हे बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्याचे गाव. सोयाबीन, तूर आणि कपाशी यांच्या उत्पन्नावर इथले संसार चालतात. अशा गावातील एखाद्या घरात दोन हंगामांच्या बचतीतून लॅपटॉप येतो, तेव्हा तो चैनीची वस्तू म्हणून येत नाही. अभियांत्रिकीला गेलेली मुलगी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा आणि शिष्यवृत्तीच्या अर्जापासून पीकविम्यापर्यंत सगळे संगणकावर भरणारे घर, या तिघांची गरज ते एकच यंत्र भागवीत असते. आणि मग एके दिवशी कळफलकावर विसरलेल्या पेनवर झाकण मिटले जाते. बारीकसा 'कट्' असा आवाज येतो. झाकण उघडून पाहावे तर कोपऱ्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग पसरलेली, मधोमध शाईच्या डागासारखा काळा ठिपका आणि त्यातून निघालेल्या उभ्या-आडव्या रंगीत रेघा.

परीक्षा तोंडावर असते. प्रकल्प अर्धवट लिहिलेला असतो. आई विचारते, "बाई, आता अभ्यासाचं कसं गं करशील?" आणि वडील मनातल्या मनात तुरीचा भाव आठवू लागतात. शहरातील सुखवस्तू कुटुंबाला किरकोळ वाटणारा हा प्रसंग खेड्यातील घरात वर्ष वाया जाण्याच्या भीतीपर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणूनच तो किरकोळ समजून सोडून देण्याजोगा नाही. फुटलेल्या एका काचेमागे आपल्या अर्थव्यवहाराचे, शिक्षणाचे आणि बदलत्या वृत्तीचे बरेच प्रश्न दडलेले आहेत.

पहिला सल्ला येतो तो बहुधा एकच असतो : "आता यात पैसे घालू नका, नवीनच घ्या." हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात स्क्रीन बदलण्याचा खर्च ऐकला की तो काही वेळा नव्या यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. अपघाताने झालेली मोडतोड साध्या वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण खरेदीच्या वेळीच विकत घ्यावे लागते आणि ते घेतलेले नसते. शिवाय सेवा केंद्र दूरच्या शहरात. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि "सुटा भाग मागवावा लागेल" या वाक्यापुढे उभे राहिलेले अनिश्चित दिवस! अशा वेळी 'नवीनच घ्या' हे शहाणपणाचे वाटते. पण ते खरोखर शहाणपणाचे आहे का?

काच फुटली, यंत्र नाही

ज्यांचे बालपण विजेच्या आधीच्या खेड्यात गेले, त्यांना कंदील आठवत असेल. तिन्हीसांजेला राखेने किंवा जुन्या कागदाने काच पुसणे हा घरातील मुलांचा नेम होता. पुसताना काच हातातून निसटे, कधी गरम काचेवर पाण्याचा थेंब पडून तडकन् भेग जाई. मग बोलणी बसत. पण कंदील कोणी उकिरड्यावर फेकून दिल्याचे कोणाला आठवणार नाही. आठवडी बाजारातून नुसती काच आणली जाई. तेलाची टाकी तीच, वात तीच, कडी तीच. काच तेवढी नवी. दुसऱ्या दिवशी त्याच उजेडात अभ्यास सुरू होई.

लॅपटॉपची फुटलेली स्क्रीन ही बहुतेक वेळा कंदिलाची फुटलेली काचच असते. ज्याला आपण स्क्रीन म्हणतो ते पॅनेल म्हणजे दोन अतिशय पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये बंदिस्त असलेले द्रवस्फटिक. मागून दिव्यांच्या पट्टीचा प्रकाश येतो, तो समान पसरविणारे पातळ पडदे असतात आणि प्रत्येक बिंदूला संकेत पोहोचविणाऱ्या केसाहून सूक्ष्म वाहिन्या काचेवरच कोरलेल्या असतात. काच तडकली की त्या वाहिन्या तुटतात, म्हणून रेघा दिसतात; द्रवस्फटिकाची रचना बिघडते, म्हणून काळा डाग पसरतो. मात्र यंत्राचा मेंदू, स्मृती, साठवण, कळफलक आणि बॅटरी हे सारे बहुधा शाबूत असते. हे पडताळून पाहण्यासाठी तज्ज्ञही लागत नाही. एचडीएमआयची तार घेऊन लॅपटॉप घरातील किंवा शेजारच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावा. तेथे चित्र स्वच्छ दिसले तर दोष पॅनेलमध्येच असण्याची शक्यता सर्वाधिक. त्याच वेळी महत्त्वाची सर्व कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. एवढ्या एका तपासणीने घाबरलेल्या घराला निम्मा धीर येतो. आणि मुलीचा अभ्यास त्याच दिवशी, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर का होईना, पुन्हा सुरू होऊ शकतो.

दुरुस्तीचे साधे शास्त्र

पॅनेल बदलणे हे काम नाजूक आहे, पण गूढ नाही. प्रथम यंत्र पूर्ण बंद करून विजेची तार काढावी लागते आणि बॅटरीचा संबंध तोडावा लागतो. ही पायरी घाईत गाळली जाते आणि तेथेच घात होतो. वीज वाहत असताना जोड काढला-घातला तर प्रकाशपट्टीला वीज पुरविणारा मुख्य फलकावरील भाग जळतो आणि काही हजारांचे काम दुप्पट-तिप्पट होऊन बसते. त्यानंतर पडद्याभोवतीची प्लॅस्टिकची चौकट पातळ प्लॅस्टिक-पट्टीने हळुवार सोडवायची, स्क्रू काढायचे, पॅनेल कळफलकावर पालथे घालायचे, मागच्या जोडावरील चिकटपट्टी सोलून तो सरळ रेषेत ओढायचा. नवे पॅनेल जोडले की चौकट बसविण्यापूर्वीच यंत्र सुरू करून काळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगावर प्रत्येक बिंदू तपासायचा. सरावलेल्या हाताला साध्या बनावटीच्या लॅपटॉपसाठी या साऱ्याला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही.

खरी मेख योग्य पॅनेल निवडण्यात आहे. 'साडेपंधरा इंची द्या' एवढे सांगून भागत नाही. एकाच आकाराच्या पॅनेलमध्ये जोड तीस पिनांचा की चाळीस पिनांचा, बिंदूंची संख्या १३६६ गुणिले ७६८ की १९२० गुणिले १०८०, कडेला स्क्रूचे कान आहेत की नाहीत, पृष्ठभाग चकाकणारा की मंद, असे भेद असतात. उत्तर मात्र जुन्या पॅनेलच्या पाठीवरच लिहिलेले असते. तेथील चिठ्ठीवर पॅनेलचा क्रमांक असतो. तो टिपून मगच नवे मागवावे. साध्या पॅनेलला बाजारात साधारण चार ते सात हजार रुपये पडतात. स्पर्शाने चालणारे किंवा काचेला घट्ट चिकटविलेले पॅनेल असेल तर खर्च बराच वाढतो आणि तेथे निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. यंत्र आठ-दहा वर्षांचे, बॅटरी संपलेली, बिजागरी तुटलेली असेल तर नवे घेणेही रास्त ठरते. दुरुस्तीचा आग्रह म्हणजे हटवाद नव्हे. मात्र हिशेब मांडल्याशिवाय यंत्राला मृत घोषित करणे हा वस्तूवरही अन्याय आहे आणि ती घेण्यासाठी गाळलेल्या घामावरही.

तळेगाव आणि ओगलेवाडीचा धडा

काच आणि स्वदेशी यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर फिरून प्रत्येकाकडून एक पैसा मागितला. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखे तज्ज्ञ तेथे आले. त्या कारखान्याने बाटल्या आणि चिमण्या किती बनविल्या याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे. तेथे काच फुंकायला शिकलेले कारागीर पुढे देशातील इतर काचकारखान्यांत गेले आणि विद्या पसरली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काचकारखाना काढला. त्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील मराठी घराघरांत पोहोचला. विदेशी कंदिलाला स्वदेशी पर्याय मिळाला.

या इतिहासाचे स्मरण केवळ अभिमानासाठी करायचे नाही. त्या पिढीने दोन गोष्टी ओळखल्या होत्या. वस्तू देशात बनली पाहिजे ही पहिली, आणि ती बनविण्याची, सांभाळण्याची विद्या सामान्य माणसाच्या हातात आली पाहिजे ही दुसरी. पहिल्या गोष्टीचा उच्चार आजही पुष्कळ होतो. दुसरीचा मात्र विसर पडत चालला आहे.

आजचे चित्र प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपची जुळणी देशात व्हावी म्हणून केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये सतरा हजार कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर झाले आणि पुढे नोव्हेंबरपासून ते आयात-व्यवस्थापन प्रणालीच्या सौम्य रूपात आले. दिशा योग्य आहे. पण लॅपटॉपच्या पॅनेलची काच आजही प्रामुख्याने चीन, तैवान आणि कोरियातून येते. तेव्हा 'दुरुस्ती म्हणजे संपूर्ण स्वदेशी' असे म्हणणे आत्मवंचना ठरेल. नवे पॅनेलही बाहेरचेच असते. मात्र संपूर्ण यंत्र नव्याने घेतले तर चाळीस-पन्नास हजारांतील फार मोठा हिस्सा देशाबाहेर जातो. पॅनेल बदलले तर काही हजारांचाच जातो आणि कारागिराची मजुरी तालुक्यात राहते. मेहकरच्या किंवा चिखलीच्या दुकानदाराच्या गल्ल्यात पडलेला तो पैसा पुन्हा तेथल्याच किराणा दुकानात, तेथल्याच शाळेच्या शुल्कात फिरतो. स्वदेशीचा विचार असा पायरीपायरीनेच आचरणात येतो. जे आज बनवता येत नाही ते निदान टिकवता आले पाहिजे. आणि जे टिकवायला शिकतात तेच उद्या बनवायला शिकतात.

फेका आणि नवे घ्या : हे कोणाचे अर्थशास्त्र?

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या एकात्म मानवदर्शनावरील व्याख्यानांत आधुनिक अर्थव्यवस्थेच्या एका विसंगतीवर बोट ठेवले होते. गरज आहे म्हणून उत्पादन करण्याऐवजी उत्पादन झाले आहे म्हणून गरज निर्माण करणे आणि त्यासाठी जुने फेकून नवे घ्यायला लोकांना शिकविणे, ही वाट निसर्गसंपदेचा नाश करील, असे त्या विवेचनाचे सार होते. तेव्हा भारतात संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आज ते विवेचन प्रत्येक घरातील कपाटात पडून असलेल्या बंद भ्रमणध्वनींच्या आणि चार्जरांच्या रूपाने खरे झालेले दिसते.

आकडे बोलके आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सहा कोटी वीस लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के कचऱ्यावर रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. चीन आणि अमेरिका यांच्यापाठोपाठ भारताचा क्रमांक लागतो. सरकारी आकडेवारीनुसार २०१९-२० साली देशातील हा कचरा सुमारे दहा लाख टन होता, २०२३-२४ मध्ये तो साडेसतरा लाख टनांपर्यंत गेला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे. परंतु पुनर्प्रक्रिया हा शेवटचा उपाय आहे. लॅपटॉपच्या संपूर्ण आयुष्यातील प्रदूषणाचा बहुतांश भाग तो वापरताना होत नाही, तो बनविताना होतो. म्हणून एक यंत्र तीनऐवजी सहा वर्षे चालविणे हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी पर्यावरणसेवा होय.

आपल्या परंपरेला हे शिकवावे लागत नव्हते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई होत असे, फुटक्या घागरीला डाग दिला जाई, नऊवारी विरली की तिची गोधडी होई आणि गोधडी विरली की पायपुसणे. खामगावची चांदीची बाजारपेठ देशभर प्रसिद्ध आहे. तेथे मोडीत आलेला जुना दागिना आटून नव्या रूपात पुन्हा बाहेर पडतो. वस्तूला तिचे पूर्ण आयुष्य जगू देणे हा या संस्कृतीचा सहजधर्म होता. तो दारिद्र्यामुळे होता असे कोणी म्हणेल. पण भरल्या घरातही अन्न टाकू नये असे सांगणारा समाज केवळ गरिबीपोटी तसे सांगत नव्हता. त्यामागे श्रमाविषयीची कृतज्ञता होती.

दुरुस्तीची दारे बंद करणारे कोण?

मात्र सारा दोष ग्राहकाच्या वृत्तीवर ढकलणे न्यायाचे होणार नाही. कंदील उघडता येत होता, म्हणून काच बदलता येत होती. आजची कित्येक यंत्रे उघडता येऊच नयेत अशा बेताने बनविली जातात. स्क्रूच्या जागी डिंक येतो, बदलता येणारी स्मृती मुख्य फलकावर झाळलेली असते, सुटे भाग फक्त स्वतःच्या केंद्रांना दिले जातात, दुरुस्तीची पुस्तिका गुप्त ठेवली जाते. बाहेर दुरुस्ती केली की वॉरंटी संपली, अशी भीतीही घातली जाते. कंपन्यांची बाजू अशी की, अप्रशिक्षित हातांमुळे बॅटरीचे अपघात होतात आणि हलके भाग वापरून नाव मात्र कंपनीचे खराब होते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु त्याचा उपाय प्रशिक्षण आणि प्रमाणित सुटे भाग उपलब्ध करून देणे हा आहे. दाराला कुलूप लावणे हा नव्हे.

ही कुलपे उघडता येतात याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. मोटारींचे सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना नाकारल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. तरी विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याची कायमची मक्तेदारी राहू शकत नाही, हे तत्त्व अधोरेखित झाले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली. शेती अवजारे, भ्रमणध्वनी व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने निवडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, या विषयाचे संकेतस्थळ सुरू झाले. त्यापुढचे पाऊल म्हणून नेमलेल्या दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये 'दुरुस्तीयोग्यता निर्देशांका'चा अहवाल सरकारला सादर केला. वस्तू किती सहज उघडता येते, सुटे भाग किती काळ आणि किती लवकर मिळतात, माहिती खुली आहे का, यांवरून तिला गुण द्यावेत आणि ते विक्रीच्या वेळीच ग्राहकाला दिसावेत, ही त्यामागील कल्पना.

फ्रान्सने असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंना लागू केला. युरोपीय संघाने जून २०२४ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराचा निर्देश संमत केला आणि सदस्य देशांनी तो ३१ जुलै २०२६ पासून लागू करावा असे ठरविले. ज्या पश्चिमेने 'फेका आणि नवे घ्या' हा मंत्र जगाला दिला, ती आता दुरुस्तीकडे वळत आहे. अशा वेळी ज्यांच्या रक्तातच दुरुस्ती होती त्यांनी पश्चिमेने टाकून दिलेली सवय उचलावी, याला काय म्हणावे?

या चळवळीचे बीज परके नाही. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ साली आला. ग्राहक हा नुसता गिऱ्हाईक नसून अर्थव्यवस्थेतील जबाबदार घटक आहे, हा विचार त्या कार्यातून रुजला. दुरुस्तीचा अधिकार हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा आहे.

विश्वासाची बाजूही पाहावी

अधिकार मिळाला तरी दुरुस्ती शेवटी माणसाच्या हातून व्हायची असते, आणि तेथे दुसरी अडचण उभी राहते. लोक स्थानिक कारागिराकडे जायला कचरतात याचे कारण केवळ नव्याची हौस नाही. चांगला भाग काढून जुना बसविल्याच्या, नवे म्हणून वापरलेले पॅनेल लावल्याच्या, बिल न दिल्याच्या तक्रारी सर्वत्र ऐकू येतात. त्याहून गंभीर भीती आहे ती यंत्रातील खासगी छायाचित्रांची आणि कागदपत्रांची. मुलीचा लॅपटॉप परक्या माणसाच्या हाती देताना आईवडिलांच्या मनात जी धास्ती असते तिला हसून चालणार नाही.

म्हणून दुरुस्तीचा पुरस्कार करणाऱ्यांनी कारागिराकडूनही काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. कामापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज द्यावा. बिलावर पॅनेलचा क्रमांक आणि हमीची मुदत लिहावी. फुटलेले जुने पॅनेल ग्राहकाला दाखवावे. शक्य तेथे काम ग्राहकाच्या समोर करावे. स्क्रीन बदलण्यासाठी यंत्राचा गुप्तशब्द लागत नाही. तो मागू नये आणि ग्राहकानेही देऊ नये. नवी स्क्रीन उजळल्याचे पाहण्यासाठी यंत्र सुरू होऊन प्रवेशाचे पान दिसले तरी पुरते. बिल नाकारणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे दोघांनीही लक्षात ठेवावे. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकाचा आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. परंतु ज्या गावात नाव हीच पत असते, तेथे प्रामाणिक कारागिराला कायद्याची भीती दाखवावी लागत नाही. सुतार, लोहार, चर्मकार यांच्या हातावर पिढ्यान्पिढ्या गावाने विश्वास टाकला तो याच नावाच्या बळावर. आजचा संगणक-दुरुस्तीवाला हा त्यांचाच नवा भाऊबंद आहे. त्याच्याशी कवडीकवडीची घासाघीस करून दूरच्या कंपनीला मात्र निमूटपणे मागेल ती रक्कम द्यायची, हा दुटप्पीपणाही समाजाने सोडला पाहिजे.

गावपातळीवर करता येण्याजोगे

२००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील लक्षावधी मुलामुलींची संगणकाशी ओळख करून दिली. ते मोठे काम झाले. पण ती ओळख वापरापुरती राहिली. संगणक चालविणारे प्रत्येक गावात तयार झाले, उघडणारे फारसे झाले नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे आणि संगणक-यंत्रणेच्या देखभालीचे अभ्यासक्रम आहेत. तेथून बाहेर पडणारा तरुण पुण्या-मुंबईत बारा हजारांच्या नोकरीसाठी खोली शोधत फिरतो. त्याऐवजी जानेफळसारख्या मोठ्या गावात त्याने आसपासच्या वाड्या-वस्त्यांसाठी दुरुस्तीचे दुकान थाटले तर? त्याला भांडवल फारसे लागत नाही. चांगली अवजारे, काही सामान्य सुटे भाग आणि शिकत राहण्याची तयारी लागते. भागांची मागणी नोंदवून ते मोठ्या बाजारपेठेतून मागविणे आता अवघड राहिलेले नाही. मेहकर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्या रस्त्याने फक्त नवा माल गावात यावा आणि तरुण बाहेर जावेत, की विद्या आणि व्यवसायही गावात यावा, हे गावालाच ठरवायचे आहे.

शाळा-महाविद्यालयांनी वर्षातून एक दिवस यासाठी राखून ठेवावा. निकामी झालेला एखादा लॅपटॉप विद्यार्थ्यांसमोर उघडावा, त्यांच्या हाती स्क्रू काढण्याचे पेचकस द्यावे. सेवावृत्तीने काम करणाऱ्या मंडळांनी घराघरांत पडून असलेली यंत्रे गोळा करून, एकाची स्क्रीन दुसऱ्याला आणि दुसऱ्याची स्मृती तिसऱ्याला लावून, गरजू विद्यार्थ्यासाठी एखादे चालते यंत्र उभे करावे. अर्थात आधीच्या मालकाची माहिती पूर्ण पुसून. ग्राहक कार्यकर्त्यांनी दुरुस्तीयोग्यता निर्देशांक बंधनकारक व्हावा यासाठी लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा करावा. आणि प्रत्येक कुटुंबाने नवे यंत्र घेताना दुकानात रंग आणि जाडी यांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत : हे उघडता येते का? याची स्क्रीन पाच वर्षांनंतर मिळेल का? हे प्रश्न हजार दुकानांत विचारले गेले की उत्पादकाच्या कानापर्यंत पोहोचतात.

काळजी हा तर दुरुस्तीचाही आधीचा भाग. झाकण मिटण्यापूर्वी कळफलकावरून हात फिरवावा. यंत्र उघडताना झाकण कोपऱ्याला धरू नये, मधोमध धरावे. एसटीच्या गर्दीत लॅपटॉपची पिशवी पायाशी किंवा सामानाच्या दडपणाखाली ठेवू नये, मांडीवर घ्यावी. दसऱ्याला शस्त्रांबरोबर पाटी-पुस्तके आणि अवजारे पुजणाऱ्या घरात आता लॅपटॉपलाही हळदकुंकू लागते. त्या पूजेचा अर्थ उरलेले तीनशे चौसष्ट दिवस सांभाळणे हाच आहे.

जानेफळच्या त्या घरात दोन गोष्टी घडू शकतात. यंत्र कपाटाच्या माथ्यावर जाईल, कर्ज काढून नवे येईल किंवा येणारच नाही आणि मुलीचे सत्र हातचे जाईल. नाही तर वडील मुलीला घेऊन तालुक्याच्या गावी जातील, पॅनेलचा क्रमांक टिपून घेतला जाईल, चार दिवसांनी ते येईल आणि कारागिराच्या टेबलापाशी बसून ती मुलगी आपले यंत्र आतून कसे आहे ते पहिल्यांदाच पाहील. त्या तासाभरात तिला महाविद्यालयाच्या पुस्तकात न सापडलेले काही सापडण्याचा संभव आहे. पूर्वी आजीने बाजारातून काच आणून कंदील पुन्हा पेटवला, तेव्हा घराच्या काही आण्यांची बचत झाली आणि मुलांचा अभ्यासही चालू राहिला. आज त्याच घरातील नातीच्या पुढ्यात काच वेगळी आहे, उजेड वेगळा आहे. तो उजेड पुन्हा लावणारे हात मात्र गावातच असले पाहिजेत. आणि ते घडवणे गावाच्या आवाक्यातले आहे.